‘सापडलेले चित्रीकरण’ आणि भयपट : ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’च्या निर्मितिप्रक्रियेचा विचार

पत्रे, रोजनिशी व वृत्तपत्रीय कात्रणे यांच्या आधारे भयकथा रचण्याची रीत ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीत दिसते. चित्रपटात कागदपत्रांची जागा कॅमेऱ्याने घेतली. या प्रकारास ‘फाउंड फुटेज’ असे संबोधले जाते. रुज्जेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०) या इटालियन चित्रपटाने तो प्रथम गाजविला. पडद्यावरील हत्या खऱ्या नाहीत हे सिद्ध करण्यासाठी दिग्दर्शकास अभिनेते जिवंत असल्याचे दाखवून द्यावे लागले. तथापि या प्रकाराची निर्मितिप्रक्रिया समजून घेण्यासाठी ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९) हाच चित्रपट अधिक उपयुक्त ठरतो.

डॅनियल मायरिक व एदुआर्दो सांचेझ या दिग्दर्शकद्वयाने ऑक्टोबर १९९७ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात सुमारे आठ दिवस चित्रीकरण केले. संहिता म्हणजे सुमारे ३५ पानांचा आराखडा; संवाद अभिनेत्यांनी प्रसंगी रचावयाचे. हेदर डोनाह्यू, जोशुआ लेनर्ड व मायकेल विल्यम्स या तिघांच्या हाती हाय-८ व्हिडिओ कॅमेरा आणि १६ मि.मी.चा कृष्णधवल फिल्मचा कॅमेरा देण्यात आला. जीपीएस यंत्राच्या साहाय्याने ते ठरलेल्या ठिकाणी पोहोचत. तेथे प्रत्येकासाठी स्वतंत्र सूचना ठेवलेल्या असत. एकाची सूचना दुसऱ्यास ठाऊक नसे. दिवसागणिक अन्न कमी केले जाई व रात्री तंबूभोवती आवाज केले जात. त्यामुळे पडद्यावरील थकवा व चिडचीड हा केवळ अभिनय नव्हे. चेटकीण मात्र एकदाही दिसत नाही. भय निर्माण होते ते चौकटीबाहेरील ध्वनीतून आणि कॅमेऱ्याच्या तुटपुंज्या प्रकाशापलीकडील अंधारातून. जीव धोक्यात असताना पात्रे चित्रीकरण का थांबवीत नाहीत, हा आक्षेप या प्रकारावर नेहमीच घेतला जातो. येथे कॅमेरा हीच हेदरची ढाल असल्याने तो बराचसा निष्प्रभ होतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मूळ चित्रीकरणाचा खर्च एक लाख डॉलरांहूनही कमी होता. जगभरातील उत्पन्न सुमारे २५ कोटी डॉलरांच्या घरात गेले. पुढे ओरेन पेली यांनी स्वतःच्याच घरात सुमारे १५ हजार डॉलरांत ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (२००७) चित्रित केला. तेथे कॅमेरा बहुधा तिवईवर स्थिर असतो, आणि प्रेक्षक निजलेल्या जोडप्याच्या खोलीचा कोपरान् कोपरा न्याहाळीत राहतो. हिंदीत ‘रागिनी एमएमएस’ (२०११) याच वाटेने गेला.

या यशाची दुसरी बाजू अभिनेत्यांना भोगावी लागली. पात्रांना त्यांचीच खरी नावे दिली होती. ते बेपत्ता असल्याचा आभास टिकविण्यासाठी त्यांना प्रसिद्धीपासून दूर ठेवले गेले. हेदरच्या आईस तर सांत्वनपत्रे आली. छायाचित्रण त्यांचे, शब्द त्यांचे. मग कर्तृत्व कोणाचे? अध्यापनात या प्रश्नाकडे सहसा दुर्लक्ष होते. एप्रिल २०२४ मध्ये नव्या आवृत्तीची घोषणा झाली, तेव्हा या तिघांनी जाहीर पत्राद्वारे उत्पन्नातील न्याय्य वाटा व आपले नाव वापरण्यापूर्वी विचारविनिमय, अशी मागणी केली.