कोलंबोचा कर्ता कोण?

दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे एकच भूमिका करणाऱ्या नटाकडे समीक्षक जरा संशयानेच पाहतात. पात्र लेखकाने घडवले, लोकप्रियता मालिकेने मिळवून दिली, नट फक्त ठरल्या वेळी तो वेश चढवून उभा राहिला, असा एकंदर सूर असतो. अमेरिकी नट पीटर फॉकने लेफ्टनंट कोलंबो हा पोलीस अधिकारी १९६८ ते २००३ या काळात ६९ भागांत साकारला, तेव्हा हा आक्षेप घ्यायला त्याच्याइतका सोयीचा नट शोधून सापडणार नाही. पण तो आक्षेप किती अपुरा आहे, हेही त्याच्याच कारकिर्दीवरून सर्वांत चांगले दिसते. कोलंबो कागदावर जन्मला हे खरे. आज जगभरचे प्रेक्षक ज्याला ओळखतात, तो माणूस मात्र फॉकने घडवला.

फॉक अभिनयाकडे तसा उशिराच वळला. जन्म न्यूयॉर्कचा, १९२७चा. तिसऱ्या वर्षी कर्करोगामुळे उजवा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा आला. तरुणपणी त्याने व्यापारी जहाजावर स्वयंपाक केला, सिराक्यूज विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदव्युत्तर पदवी घेतली आणि कनेटिकट राज्याच्या अर्थसंकल्प विभागात सरकारी कामकाजाची कार्यक्षमता तपासण्याची नोकरी धरली. तिशीच्या उंबरठ्यावर ती सोडून तो न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आला. एवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळेल, असे म्हणून हॉलिवूडच्या एका स्टुडिओप्रमुखाने आपल्याला नाकारले होते, ही हकिगत तो पुढे सांगत असे. तरीही 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड' (१९६०) आणि 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' (१९६१) या दोन चित्रपटांसाठी त्याला लागोपाठ ऑस्करची नामांकने मिळाली. म्हणजे कोलंबोने त्याला नट केले नाही. तो भूमिकेपाशी आला तेव्हा चांगला तयार होऊन आला होता.

रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या लेखकद्वयीने कोलंबो लिहिला तो फॉकला डोळ्यांसमोर ठेवून नव्हे. १९६० साली टीव्हीवर बर्ट फ्रीडने तो केला, नंतर रंगमंचावर थॉमस मिशेल या मुरलेल्या चरित्र अभिनेत्याने. १९६८च्या टीव्हीपटासाठीही आधी विचारणा झाली बिंग क्रॉस्बीला. फॉक लेखकांना या भूमिकेसाठी फार तरुण वाटत होता. आता या कथांची बांधणी पाहा. खून कोणी केला हे प्रेक्षक सुरुवातीलाच डोळ्यांनी पाहतो. खुनी कोण, ही रहस्यकथेची हुकमी उत्सुकता लेखकांनी आपणहून सोडून दिलेली असते. मग दीड-दोन तास प्रेक्षकाला धरून ठेवायचे कशावर? एकीकडे लॉस एंजेलिसच्या आलिशान घरात राहणारा शल्यविशारद, वाद्यवृंदाचा संचालक किंवा बुद्धिबळपटू. दुसरीकडे चुरगळलेला रेनकोट घालून खिशात पेन्सिल चाचपडणारा पोलीस. पहिल्याला दुसऱ्याची कीव येते, मग कंटाळा येतो, मग भीती वाटू लागते. कथेचा सगळा ताण या उतरंडीत आहे आणि ती संवादांपेक्षा वागण्यातून उलगडते. रेनकोट फॉकचा स्वतःचा होता, जुनाट प्यूजो ४०३ गाडीही त्यानेच निवडलेली. कॅमेरा चालू असताना तो संहितेत नसलेले काहीतरी करत बसे, भलतीच वस्तू मागे, आणि समोरच्या नटाच्या चेहऱ्यावर येणारी चीड खरी असे. मला सर्वांत मोलाचे वाटते ते त्याचे ऐकणे. मान किंचित कलती, एक डोळा बारीक, आणि समोरच्याचे वैभव पाहून वाटणारे कौतुक इतके निर्मळ, की हा माणूस खरोखर भाबडा आहे की भाबडेपणा हेच त्याचे हत्यार आहे, हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही. ही संदिग्धता संहितेत लिहून ठेवता येत नाही, ती नटानेच सांभाळावी लागते.

यावर कोणी म्हणेल, दारापर्यंत जाऊन परत वळणे आणि 'अजून एक गोष्ट' विचारणे हे तर लेखकांचेच. आहेच. पात्राचे बीज कसदार होते, म्हणून तर ते फॉकच्या आधीच दोघांना करावेसे वाटले. पण १९७९मध्ये वाहिनीने कोलंबोच्या बायकोला नायिका करून फॉकविना मालिका काढली, तेव्हा तिचे नाव पुन्हापुन्हा बदलूनही ती १३ भागांत संपली. हा पुरावा निर्विवाद नाही, हे मान्य करायला हवे, कारण लेव्हिन्सन आणि लिंकचाही त्या कल्पनेला विरोधच होता. अधिक बोलका पुरावा पुढचा आहे. लेव्हिन्सन १९८७मध्ये वारला. १९८९पासून दुसऱ्या वाहिनीवर आलेल्या भागांत कथा पुष्कळदा सैल आहेत, काही तर ओढूनताणून लांबवलेल्या; माणूस मात्र जिथल्या तिथे आहे. फॉकला १९९० साली या भूमिकेसाठी चौथ्यांदा एमी पुरस्कार मिळाला, तो याच काळात. पहिल्या पर्वात त्याने एक भाग दिग्दर्शित केला होता. १९९३चा 'इट्स ऑल इन द गेम' हा भाग तर त्याने स्वतः लिहिला. अशा माणसाला नुसता वेशधारी म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एका पात्राने नटाची बाकीची शक्ती खाल्ली. मालिका ऐन भरात असताना, १९७४मध्ये, फॉकने जॉन कॅसाव्हेटीजच्या 'अ वुमन अंडर द इन्फ्लुएन्स'मध्ये मानसिकदृष्ट्या कोलमडणाऱ्या बायकोचा नवरा उभा केला. प्रेम आणि दांडगाई एकाच श्वासात करणारा हा कामगार पाहताना कोलंबोची आठवणही येत नाही. आणि १९८७मध्ये जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सने 'विंग्स ऑफ डिझायर'मध्ये त्याला चक्क पीटर फॉक म्हणूनच घेतले: बर्लिनमध्ये चित्रीकरणाला आलेला अमेरिकी नट, जो पूर्वी देवदूत होता आणि माणूस होण्यासाठी ज्याने अमरत्व सोडले. रस्त्यावरची पोरे त्याला पाहून कोलंबोचे नाव घेतात. ती ओळख वेंडर्सला लपवावीशी वाटली नाही, उलट ती त्याला हवीच होती. स्वर्ग सोडून माणसांत मिसळलेला कोणी दाखवायचा, तर प्रेक्षकाला आधीपासून घरातला वाटणारा चेहराच लागणार होता, आणि तो चेहरा टीव्हीवरच्या त्या कामाने कमावला होता.