यंत्रशाळेसाठी ‘कॅम’ सॉफ्टवेअर निवडताना

भोसरी, वाळूज, सातपूर, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींत आयटीआय किंवा पदविका पूर्ण करून, काही वर्षे कारखान्यात काम करून मग स्वतःचे छोटे वर्कशॉप थाटणारे अनेक तरुण आहेत. बँकेचे कर्ज मिळते, सीएनसी मशीन येते आणि त्यापाठोपाठ सॉफ्टवेअर विकणाराही दारात येतो. पडद्यावर टूल झरझर फिरताना दिसते, जॉब डोळ्यांदेखत तयार होतो आणि पाहणारा भारावून जातो. पण निवड चुकली तर मशीन प्रोग्रॅमची वाट पाहत उभे राहते आणि कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून हे सॉफ्टवेअर घेण्यापूर्वी काय तपासावे, याचा येथे विचार करू.

‘कॅम’ म्हणजे काय?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९५२ मध्ये आकड्यांच्या आज्ञांवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचे प्रात्यक्षिक झाले. या आज्ञा भोके पाडलेल्या कागदी पट्टीवरून दिल्या जात. टूल कुठून कुठे न्यायचे, याचा हिशेब माणसाने हाताने करायचा म्हटले तर साध्या जॉबलाही फार वेळ लागे. हा हिशेब संगणकाकडे सोपवणे म्हणजेच संगणकसाहाय्यित उत्पादन, अर्थात ‘कॅम’.

या कामाचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात ‘कॅड’मध्ये जॉबचा आकार तयार होतो. दुसऱ्या टप्प्यात ‘कॅम’ त्या आकारावरून टूलचा मार्ग काढते. तिसऱ्या टप्प्यात ‘पोस्ट प्रोसेसर’ हा छोटा भाग तो मार्ग आपल्या मशीनच्या भाषेत, म्हणजे बहुधा जी-कोडमध्ये, उतरवून देतो. विक्रेता पहिल्या दोन टप्प्यांचे कौतुक करतो. आपली अडचण बहुतेक वेळा तिसऱ्या टप्प्यात होते.

आधी काम पाहा

येत्या दोन-तीन वर्षांत कोणते जॉब करणार, हे प्रथम कागदावर लिहून काढावे.

१) केवळ बुश, पिना, शाफ्ट असे लेथचे काम असेल तर पुष्कळदा स्वतंत्र सॉफ्टवेअर लागतच नाही. फानुक, सीमेन्स, माझाक यांच्या अनेक कंट्रोलवर मशीनसमोर उभे राहून मापे भरली की प्रोग्रॅम तयार करून देणारी सोय असते. ती आपल्या मशीनवर आहे का, ते आधी पाहावे.

२) प्लेटमध्ये भोके, खाचा, पॉकेट असे काम असेल तर ‘अडीच अक्षां’चे सॉफ्टवेअर पुरते. यात टूल एका खोलीवर स्थिर राहून आडवे फिरते.

३) साचे, डाय, वळणदार पृष्ठभाग असतील तर तीन अक्षांचे सॉफ्टवेअर हवे.

४) इंपेलरसारख्या जॉबसाठी पाच अक्ष एकाच वेळी चालवावे लागतात. मशीनच तीन अक्षांचे असेल, तर ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणून आजच पाच अक्षांचे पैसे मोजणे शहाणपणाचे नाही. नंतर वाढवता येईल असे सॉफ्टवेअर घ्यावे.

मशीनची भाषा

जी-कोड सर्व मशीनवर सारखाच असतो, हा समज खरा नाही. जी ९२ हेच उदाहरण घ्या. फानुकच्या मिलिंग कंट्रोलवर त्याचा उपयोग जॉबचा आरंभबिंदू ठरवण्यासाठी होतो, तर लेथवरील प्रचलित ‘ए’ पद्धतीत तोच कोड आटे पाडतो. काही कंट्रोलवर ‘एक्स १००’ लिहून पुढे दशांशचिन्ह दिले नाही, तर मशीन १०० मिलिमीटरऐवजी ०.१ मिलिमीटर समजते. हायडेनहाइनच्या कंट्रोलची तर स्वतःची निराळी भाषा आहे.

म्हणून आपल्या मशीनचे मेक, मॉडेल आणि कंट्रोल यांसाठी चालवून पाहिलेला पोस्ट प्रोसेसर तयार आहे का, त्यात बदल कोण करून देईल आणि त्याचे वेगळे पैसे लागतील का, हे तीन प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे. प्रत्येक प्रोग्रॅम हाताने दुरुस्त करावा लागत असेल, तर एक ना एक दिवस नजर चुकते आणि टूल फिक्स्चरवर जाऊन आदळते. कधी स्पिंडलचेही नुकसान होते.

जुन्या मशीनची मर्यादा

जुने मशीन विकत घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा. समजा, साच्याचा १०० बाय १०० मिलिमीटरचा वळणदार भाग ६ मिलिमीटर व्यासाच्या गोल टोकाच्या कटरने फिनिश करायचा आहे. दोन फेऱ्यांत ०.३ मिलिमीटर अंतर ठेवले तर सुमारे ३३४ फेऱ्या होतात. दर अर्ध्या मिलिमीटरला एक ओळ धरली तर एका फेरीत २०० आणि एकूण सुमारे ६७ हजार ओळी होतात. एका ओळीत २० अक्षरे धरली तरी प्रोग्रॅम १३ लाख अक्षरांच्या पुढे जातो. कित्येक जुन्या कंट्रोलच्या स्मृतीत एवढा प्रोग्रॅम मावत नाही.

मग संगणकातून केबलने ओळी थोड्याथोड्या पाठवाव्या लागतात. ९६०० बॉडच्या केबलमधून सेकंदाला सुमारे ९६० अक्षरे, म्हणजे ४८ ओळी जातात. त्यामुळे मिनिटाला सुमारे १,४४० मिलिमीटरपेक्षा जास्त फीड मिळत नाही. त्यापुढे मशीन अडखळत चालते आणि पृष्ठभागावर डाग उमटतात. सॉफ्टवेअर कितीही महागडे असले तरी ही अडचण राहतेच. अशा ठिकाणी सरळ ओळींऐवजी योग्य तेथे वर्तुळखंड वापरून प्रोग्रॅम लहान करणारे सॉफ्टवेअर उपयोगी पडते.

आपल्याच जॉबवर चाचणी

विक्रेत्याने आणलेला नमुना पाहून निर्णय घेऊ नये. आपल्याकडचे एक नेहमीचे आणि एक अवघड ड्रॉइंग त्याला द्यावे. आपल्यासमोर प्रोग्रॅम करायला लावावा आणि आपल्याच मशीनवर जॉब कापून घ्यावा. त्या वेळी पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात : प्रोग्रॅमला किती वेळ लागला? किती ओळी हाताने बदलाव्या लागल्या? कापायला किती मिनिटे लागली? ग्राहकाने ड्रॉइंगमधले एक माप बदलले, तर सगळे पुन्हा करावे लागते की मार्ग आपोआप सुधारतो? सिम्युलेशनमध्ये केवळ टूल दिसते की होल्डर आणि फिक्स्चरची टक्करही कळते? आणि मुख्य म्हणजे, हे सॉफ्टवेअर रोज वापरणारा आपला प्रोग्रॅमर त्या वेळी हजर असावा. त्याचे मत मालकाच्या मताइतकेच मोलाचे आहे.

किंमत आणि परवाना

काही सॉफ्टवेअर एकदाच पैसे भरून कायमचे मिळते, पण सुधारणा आणि मदतीसाठी वार्षिक शुल्क असते. काही ठिकाणी दरवर्षी वर्गणी भरावी लागते. ती थांबली की काम थांबते. म्हणून पाच वर्षांचा एकूण खर्च मांडून तुलना करावी. त्यात प्रशिक्षण, पोस्ट प्रोसेसर आणि संगणक हेही धरावेत.

या क्षेत्रात कंपन्यांचे मालकही बदलतात. पॉवरमिल तयार करणारी ब्रिटनची डेलकॅम २०१४ मध्ये ऑटोडेस्ककडे गेली. मास्टरकॅमची कंपनी २०२१ मध्ये सँडविकने घेतली. त्यामुळे नावाइतकेच महत्त्व गावातल्या मदतनीसाला आहे. फोन केल्यावर कोण येतो आणि किती वेळात येतो, हे जवळच्या दोन-तीन वर्कशॉपमध्ये जाऊन विचारावे.

चोरीची प्रत वापरण्याचा मोह टाळावा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ ब नुसार संगणक प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय अशा प्रतीला पोस्ट प्रोसेसरची दुरुस्ती आणि मदत मिळत नाही.

विद्यार्थ्यांसाठी

शिकण्यासाठी मोठी रक्कम लागत नाही. फ्रीकॅड हे मुक्त सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि तिच्यात ‘कॅम’चा विभाग आहे. ऑटोडेस्कचे फ्यूजन पात्र विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी मोफत मिळते. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या शासकीय संस्थांत टूलरूमचे प्रत्यक्ष प्रशिक्षण मिळते.

मात्र सॉफ्टवेअरच्या आधी धातू कापण्याचे ज्ञान हवे. १० मिलिमीटरचा चार धारांचा कार्बाइड कटर मिनिटाला १०० मीटर कर्तनवेगाने चालवायचा असेल, तर फेरे सुमारे ३,१८० येतात. प्रत्येक धारेला ०.०५ मिलिमीटर फीड दिला तर मिनिटाला सुमारे ६३६ मिलिमीटर होतात. हा हिशेब ज्याला कागदावर करता येतो, त्याला संगणकाने दिलेला चुकीचा आकडा लगेच खटकतो. ज्याला येत नाही, तो पडद्यावर दिसेल ते मशीनला देऊन मोकळा होतो. सॉफ्टवेअर पुढेमागे बदलेल, मशीनही बदलेल; पण ड्रॉइंग वाचणे, जॉब पकडणे आणि टूलचा आवाज ओळखणे ही विद्या आयुष्यभर उपयोगी पडते. ती ज्याच्या हाती आहे, त्यानेच सॉफ्टवेअर निवडावे किंवा निवडणाऱ्याने आधी त्याला विचारावे.