फर्माला चकवणारी संख्या

4,29,49,67,297. म्हणजे चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दोनाला दोनाने गुणत गेलो आणि असे बत्तीस दोन झाले, की येणाऱ्या गुणाकारात 1 मिळवायचा.

सतराव्या शतकात फ्रान्समधल्या पिएर द फर्माने 3, 5, 17, 257, 65537 ही माळ पाहिली; तीत दोनांची संख्या दर वेळी दुप्पट होते आणि शेवटी 1 मिळवला जातो. पाचही संख्या मूळ. पुढची म्हणजे आपली संख्या. तीही मूळच असणार, असा त्याचा विश्वास होता. 1732 मध्ये गणितज्ञ ऑयलरने तो खोटा ठरवला: 641 गुणिले 67,00,417.

वर्गमुळापर्यंतच्या साडेसहा हजार मूळ संख्या तपासणे हे हाताने करायचे म्हणजे डोंगर उपसणेच. ऑयलरची युक्ती मला फार सुंदर वाटते. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक 64 च्या पटीपेक्षा 1 ने मोठाच असतो, हे त्याने ओळखले. मग तपासायला उरतात 193, 257, 449, 577 आणि पाचवी 641!

641 ची ओळख आणखी जवळून करून घ्यावी. ती 625 अधिक 16 आहे, म्हणजे 5 चा चौथा घात अधिक 2 चा चौथा घात. शिवाय 5 गुणिले 128 अधिक 1 सुद्धा. एवढ्या दोन गोष्टींवरून, प्रत्यक्ष भागाकार न करता, 641 ने पूर्ण भाग जातो हे कागदावर चार ओळींत सिद्ध होते.

65537 नंतर या माळेत दुसरी मूळ संख्या अजून कुणाला सापडलेली नाही.