तयार आणि जुळणी केलेला गेमिंग संगणक

तयार गेमिंग संगणक म्हणजे उत्पादक कंपनीने सर्व भाग बसवून, तपासून, एकच वस्तू म्हणून विकलेला संगणक होय. जुळणी केलेला (बोलीभाषेत ‘असेंबल्ड’) संगणक म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे सुटे भाग निवडून ग्राहकाने स्वतः किंवा दुकानदाराने उभा केलेला संगणक होय. दोन्ही प्रकारांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप त्याच मोजक्या कंपन्यांच्या असतात. भागांची निवड कोणी केली आणि बिघाड झाल्यास जबाबदारी कोणाची, यावरच दोहोंतील मुख्य भेद अवलंबून असतो.

पार्श्वभूमी

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये इतर कंपन्यांचे भाग वापरलेले होते आणि त्याची तांत्रिक माहितीही प्रसिद्ध करण्यात आली होती. त्यामुळे अन्य उत्पादकांना सुसंगत संगणक व भाग तयार करता आले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले. मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या छिद्रांच्या जागा आणि वीजजोडणी निश्चित झाल्याने एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसू लागला.

भारतात १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सुलभ केली. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सहभागी झाला व आयात शुल्क टप्प्याटप्प्याने घटले. महाराष्ट्रात सुट्या भागांची सर्वपरिचित बाजारपेठ म्हणजे मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड. त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे.

नाशिकच्या इंदिरानगरसारख्या निवासी उपनगरातील कुटुंबापुढे तीन पर्याय असतात: कंपनीचा तयार संगणक घेणे, शहरातील दुकानदाराकडून जुळवून घेणे, अथवा मुंबईहून किंवा ऑनलाइन सुटे भाग मागवून घरी जुळणी करणे. यांपैकी दुसरा पर्याय भारतात दीर्घकाळ रूढ आहे. त्यात निवड ग्राहकाची आणि हातकाम जाणकाराचे असते.

भागांची सुसंगतता

स्वतः जुळणी करणाऱ्याने भाग एकमेकांशी जुळतात की नाही हे खरेदीपूर्वी तपासावे लागते. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा प्रोसेसर एएम५ मदरबोर्डवर बसत नाही. डीडीआर४ रॅम डीडीआर५ च्या खाचेत जात नाही. सॉकेट जुळूनही मदरबोर्डचे बायोस जुने असल्यास नवा प्रोसेसर ओळखला जात नाही. मोठे ग्राफिक्स कार्ड लहान कॅबिनेटमध्ये मावत नाही.

एसएमपीएसची निवड विशेष महत्त्वाची असते. मदरबोर्डवरील खाचेतून ग्राफिक्स कार्डला कमाल ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक गरज असल्यास एसएमपीएसकडून स्वतंत्र केबल द्यावी लागते. आठ पिनांच्या एका जोडणीची क्षमता १५० वॅट असते. जाहिरातीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची नावे ठळक असतात, एसएमपीएसचा मात्र उल्लेखही नसतो. तयार संगणक घेताना हा भाग आवर्जून विचारावा लागतो.

किंमत

सामान्यतः तेवढ्याच क्षमतेचा जुळणी केलेला संगणक स्वस्त पडतो, कारण त्यात कंपनीचा जुळणी, जाहिरात व सेवा यांवरील खर्च नसतो. तथापि तुलना करताना विंडोज परवान्याची किंमत धरणे आवश्यक असते. तयार संगणकात हा परवाना बहुधा समाविष्ट असतो, तर जुळणी केलेल्या संगणकासाठी तो वेगळा घ्यावा लागतो. विनापरवाना प्रत टाकून दाखविलेली बचत ही खरी बचत नव्हे.

हा नियम सर्वकाळ लागू पडत नाही. २०२० नंतरच्या चिप-टंचाईत आणि इथेरियम या आभासी चलनाच्या खननामुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव भडकले होते. घाऊक पुरवठा मिळणाऱ्या कंपन्यांचे तयार संगणक त्या काळात अनेकदा स्वस्त ठरले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने खननाची पद्धत सोडली, तेव्हा ही मागणी ओसरली.

हमी आणि ग्राहकहक्क

तयार संगणकाला एकच हमी असते व बिघाड कुठलाही असो, कंपनीकडेच तक्रार करता येते. जुळणी केलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी स्वतंत्र असते. ती अनेकदा अधिक वर्षांची असते, मात्र कोणता भाग बिघडला हे आधी शोधावे लागते. त्यामुळे भागाचा अनुक्रमांक नोंदविलेले जीएसटीचे पक्के बिल जपून ठेवणे आवश्यक ठरते. भारतातील अधिकृत वितरकामार्फत न आलेल्या भागांना येथे हमी मिळेलच असे नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला आपल्या निवासाच्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. मुंबईतून किंवा ऑनलाइन खरेदी केलेल्या भागाबाबतही नाशिकचा रहिवासी नाशिक जिल्हा आयोगात दाद मागू शकतो.

वीजपुरवठा आणि दुरुस्ती

वीज अचानक गेल्यास संगणक सुरक्षितपणे बंद करता यावा म्हणून यूपीएस वापरतात. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॅटच भार पेलतो. खेळ चालू असताना ४५० वॅट घेणारा संगणक त्यावर टिकत नाही. हा खर्च दोन्ही प्रकारांत सारखाच धरावा लागतो. घरातील अर्थिंग योग्य असणेही आवश्यक आहे.

दीर्घकालीन वापरात मानक भागांचा लाभ दिसून येतो. चार वर्षांनी केवळ ग्राफिक्स कार्ड बदलून संगणक पुन्हा उपयुक्त करता येतो. काही कंपन्या मात्र तयार संगणकात स्वतःच्या खास आकाराचे मदरबोर्ड व एसएमपीएस वापरतात. हमी संपल्यावर असा एक भाग निकामी झाला, की बाजारातील पर्यायी भाग बसत नाही आणि चालू स्थितीतील उर्वरित संगणकही अडगळीत जातो.

निवडीचे निकष

घरात एकच संगणक असून त्यावरच अभ्यास, परीक्षेचे अर्ज आणि खेळ अवलंबून असतील, तर दुरुस्तीला लागणारा वेळ हा किमतीइतकाच महत्त्वाचा निकष ठरतो. अशा वेळी घरपोच सेवा असलेला तयार संगणक किंवा भागांची लेखी यादी देणारा जवळचा दुकानदार सोयीचा असतो. बिघाड शोधण्याची तयारी, सवड आणि पर्यायी साधन असलेल्यास स्वतःची जुळणी लाभदायक ठरते. कोणत्याही मार्गाने खरेदी करताना मदरबोर्ड, रॅम व एसएमपीएस यांची कंपनी व मॉडेल बिलावर लिहून घेतल्यास दोन संगणकांची तुलना नेमकेपणाने करता येते.