मातीवाचून पालक

सज्जातील आडव्या पाइपाच्या भोकांतून पालक तरारून वर येतो, तेव्हा त्याच्या मुळांशी मातीचा कणही नसतो. मग त्याच्या उदरनिर्वाहाची तजवीज होते कोठून? खालच्या टाकीतील मासे कल्ल्यांवाटे जो अमोनिया सोडतात, तो साचल्यास त्यांच्याच जिवावर उठतो; परंतु टाकीतून पाइपाकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेतील खडीवर वस्ती करणारे जिवाणू, दफ्तरातील अर्ज एका मेजावरून दुसऱ्या मेजावर सरकावा तद्वत, त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, व तेच पालकाचे मुख्य खाद्य ठरते. पाइप काठोकाठ न भरता तळाशी पातळ प्रवाह खेळता ठेवतात, कारण मुळांना प्राणवायूही हवा असतो. माशांच्या खाद्यात लोह बेताचेच असल्यामुळे, शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडू लागली, की ते वरून पुरवावे लागते.