जमिनीखालची टाकी आणि तिच्या बुडाची जमीन



वस्तीवरच्या छपराचे पावसाचे पाणी साठवायला जमिनीखाली मोठी टाकी बांधायची म्हटली की पहिली शंका ठरलेली असते: "साहेब, एवढ्या पाण्याच्या वजनानं टाकी खाली बसंल की!"

हिशेब करून पाहा. 50,000 लिटर पाणी म्हणजे 50 टन. पण तेवढ्या जागेतली 50 घनमीटर माती आपण उकरून बाहेर टाकतो, तिचे वजन 80-90 टनांपर्यंत भरते. काँक्रीटचे वजन धरले तरी बुडाच्या जमिनीवर पूर्वीपेक्षा फारसा जादा भार येत नाही. तेव्हा पाण्याला भिऊ नका. खाली काय आहे ते बघा.

पुण्यात 20 सप्टेंबर 2024 रोजी बुधवार पेठेत, सिटी पोस्टाच्या आवारात, महापालिकेची ड्रेनेज साफ करणारी अख्खी गाडी जमिनीत गेली. चालक बचावला. त्या जागी जुनी विहीर होती, असे नंतर सांगण्यात आले. वरून मात्र ब्लॉक बसवलेली सपाट जागा. आपल्या गावातही बुजवलेल्या विहिरी, पेवे, उकिरड्याचे खड्डे काही थोडे नाहीत. टाकीची एक बाजू अशा भरावावर आणि दुसरी मुरमावर आली, तर भरावाची बाजू बसते, मुरमाची जागची हलत नाही आणि मधे चीर पडते. मग गळती लागते, बारीक माती वाहून जाते, पोकळी वाढत राहते. म्हणून जागा धरण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. इंजिनिअरला जे ठाऊक नसते ते त्यांना असते.

काळ्या जमिनीत बूड ठेवूच नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. कठीण मुरूम लागेपर्यंत उकरा. खड्डा जास्त खोल गेला तर निघालेली माती परत लोटू नका. मुरमाचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करा.

चिबड जमिनीत उलटाच धोका. भर पावसात टाकी रिकामी केली, तर खालचे पाणी तिला वर उचलते. साफसफाई उन्हाळ्यातच उरका. टाकीवरून उसाची ट्रॉली तर मुळीच नेऊ नका.

खड्डा उकरून झाला की काँक्रीट टाकण्याआधी चिटबॉयकडे निरोप द्या. बूड पाहायला आम्ही येऊ.

ऊस विकास अधिकारी