पुनरुक्तीविना अंक काढण्याची रीत

तोंडी कामासाठी मुले कोणत्या क्रमाने उभी करावीत, हे बहुधा शिक्षक मनानेच ठरवितात. ही निवड निःपक्षपाती असते असा आपला समज असतो. परंतु वर्गात मागे बसून पाहिल्यास पुढील रांगेतील तीच चार मुले पुनःपुन्हा उभी राहिलेली दिसतात. पनवेल तालुक्यातील एका शाळेत गुरुजींनी ह्यावर उपाय म्हणून संगणकावर पायथन भाषेत छोटीशी आज्ञावली लिहून हजेरी क्रमांक काढण्यास आरंभ केला. हेतू स्तुत्यच होता. परंतु मी गेलो त्या दिवशी एका मुलीचा क्रमांक तीनदा निघाला, आणि कविता पाठ करून आलेला एक मुलगा तास संपेपर्यंत तसाच बसून राहिला.

दोष यंत्राचा नव्हे. '१ ते ४० मधील एक अंक दे' असे दर वेळी नव्याने सांगितल्यास मागे कोणता अंक निघाला ह्याचा विचार ते करीत नाही. मडक्यातून चिठ्ठी काढावी, वाचावी व पुन्हा मडक्यात टाकावी, तसेच हे. ४० मुलांच्या पटातून असे १० अंक काढले, तर १०० पैकी सुमारे ७१ वेळा एखादा तरी अंक दुबार येतो. सर्व मुलांची पाळी येण्यास तर सरासरीने १७१ चिठ्ठ्या काढाव्या लागतील!

तेव्हा काढलेली चिठ्ठी परत टाकू नये. संख्याशास्त्रात ह्यास परतीविना निवड म्हणतात. (पिकांच्या उताऱ्याच्या अंदाजासाठी शेते मनाने न निवडता यदृच्छेने निवडावीत, हे शास्त्र आपल्या देशात रुजविणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे अग्रणी होत.)

संगणकाची रीत फळ्यावर करून दाखविता येते. १ ते ४० अंक ओळीने लिहा. ४० स्थानांपैकी एक यदृच्छेने निवडून तेथील अंकाची शेवटच्या अंकाशी अदलाबदल करा. शेवटचा अंक आता कायम झाला. उरलेल्या ३९ स्थानांत तेच करा, मग ३८ स्थानांत. फिशर व येट्स ह्यांनी १९३८ साली कागदावरील अशी रीत दिली. डर्स्टनफेल्ड ह्यांनी १९६४ साली तिला संगणकास सोयीचे हे रूप दिले. दर पायरीस सगळीच स्थाने खुली ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. ३ अंकांवर तसे केल्यास २७ वाटा होतात व क्रम अवघे ६. २७ ला ६ ने निःशेष भाग जात नाही, म्हणून काही क्रमांना अधिक वाटा मिळतोच.

पायथनमध्ये 'रँडम.सॅम्पल' ही आज्ञा हे सर्व काम करते. तिला 'रेंज' देताना १ व ४१ हे अंक द्यावेत, कारण वरचा अंक धरला जात नाही. चुकून ४० लिहिल्यास पटावरील शेवटच्या मुलाचा क्रमांक वर्षभर निघणार नाही, आणि ते कोणाच्या ध्यानीही येणार नाही. आज्ञा रोज नव्याने चालविल्यास कालचे काही अंक पुन्हा येऊ शकतील. म्हणून ४० अंकांची यादी एकदाच काढून वहीत उतरावी, रोज १० मुले घ्यावीत, आणि गैरहजर मुलाचा क्रमांक यादीच्या शेवटी लिहावा.